पेटंटची तारीख म्हणजे यंत्राचं वय नव्हे

एका जुन्या डिशवॉशरबद्दल (भांडी धुण्याच्या यंत्राबद्दल) कुणी म्हटलंय की त्यावरच्या धातूच्या पाटीवर पेटंटची तारीख १९१४ आहे, म्हणजे डिशवॉशरही १९१४चा. थोडं थांबा! त्या तारखेवरून यंत्र त्याआधीचं नाही एवढंच कळतं; अमेरिकेत तेव्हा पेटंट १७ वर्षं चाले आणि तीच पाटी पुढेही लागत राही. तारखा अनेक असतील तर सर्वांत अलीकडची धरा.

पाटीवर पेटंटचा क्रमांक असेल तर काम सोपं. अमेरिकेत दहा लाखावं पेटंट ऑगस्ट १९११मध्ये दिलं गेलं, वीस लाखावं एप्रिल १९३५मध्ये. म्हणून एकने सुरू होणारा सात आकडी क्रमांक याच काळातला.

मोटर मात्र वेगळी तपासा. डिशवॉशरच्या अमेरिकन संशोधक जोसेफिन कॉक्रेन यांचं १८८६चं यंत्र हाताने फिरवायचं होतं, आणि जुन्या यंत्रांना मोटर मागाहूनही बसवलेली असू शकते. कृपया पाटी घासून चकचकीत करू नका, अक्षरं कायमची जातात.