‘रेड रिव्हर’: दोन तास ताणलं आणि शेवटी मांडवली?

घोडनवरा:
हॉवर्ड हॉक्सचा ‘रेड रिव्हर’ (१९४८) परवा पुन्हा पाहिला आणि पुन्हा शेवटाला चिडलो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेवट फोडणार आहे, नंतर तक्रार चालणार नाही.

१८५१ साली टॉम डन्सन (जॉन वेन) एक वळू घेऊन टेक्सासात येतो. कोमांची आदिवासींच्या हल्ल्यातून वाचलेला मॅट नावाचा पोरगा वाटेत भेटतो, त्याच्याकडे एक गाय. चौदा वर्षांत हजारोंचं खिल्लार उभं राहतं, पण यादवी युद्धानंतर दक्षिणेत कुणाच्या खिशात दमडी नाही, गुरांना गिऱ्हाईक नाही. म्हणून दहा हजार गुरं हजार मैलांवर मिसूरीला हाकत न्यायची. वाटेत डन्सन पार हुकूमशहा होतो. पळून गेलेल्या गड्यांना फासावर चढवायला निघतो तेव्हा मोठा झालेला मॅट (माँटगोमेरी क्लिफ्ट) “नाही चढवणार” एवढंच म्हणतो, खिल्लार ताब्यात घेतो आणि कॅन्ससमधल्या ॲबिलीनकडे वळवतो. डन्सन बजावतो, मी मागून येणार आणि तुला मारणार.

आणि येतो! ॲबिलीनच्या रस्त्यात गुरंच गुरं, आणि हा माणूस पाऊल न अडखळता त्यातून सरळ चालत येतो. अंगावर काटा येतो. मॅट पिस्तुलाला हात लावत नाही. डन्सन त्याच्या आजूबाजूला गोळ्या झाडतो, एक गालाला चाटून जाते. मग गुद्दागुद्दी. आणि मग मॅटची प्रेयसी टेस मिलेबाई बंदूक उडवून दोघांना शाळेतल्या पोरांसारखं झापते, तुमचं एकमेकांवर प्रेम आहे हे कुणालाही दिसतंय म्हणते, आणि दोघं धुळीत बसून ओशाळं हसतात. संपला सिनेमा. दोन तास आम्ही काय यासाठी श्वास रोखून बसलो होतो?

शेंगदाणा:
+१. बोर्डन चेजच्या मूळ कथेत डन्सन मरतो. तोच शेवट खरा होता. पण हिरोला मारायची छाती झाली नाही.

दुर्बीण:
सपशेल असहमत. शेवटाची तयारी पहिल्या रिळापासून आहे. वळू डन्सनचा, गाय पोराची. दोन्हींवर डन्सन स्वतःच्याच नावाचा डाग देतो. पोरगा विचारतो, माझा ‘एम’ कुठाय? उत्तर मिळतं, कमावशील तेव्हा. अहो, गायीशिवाय नुसत्या वळूच्या जोरावर खिल्लार वाढतं का कधी? ती मालमत्ता पहिल्या दिवसापासून दोघांची आहे, हे फक्त डन्सनला मान्य नाही. शेवटी तो धुळीत बोटाने नवा डाग काढून त्यात ‘एम’ घालतो ती मांडवली नव्हे, चौदा वर्षांची थकबाकी आहे. मॅटला मारला असता तर हिशेब कुणी चुकता केला असता?

घोडनवरा:
डागाचं मान्य, ते उत्तमच आहे. पण थकबाकी चुकती करायला माणूस बदलावा लागतो. हा बदलतो कधी? एक मिनिट आधी तो गोळ्या झाडत होता.

आत्याबाई:
तो गोळ्या झाडत होता, पण लागत एकही नव्हती, तेवढं लक्षात घ्या. वेन काय नेमबाजीला नवखा आहे?

दुसरं असं की तुम्ही सगळे टेसवर घसरता, पण सुरुवातीची फेन कुणाला आठवत नाही. तांड्यातली ती मुलगी त्याला कळवळून सांगते, मला बरोबर ने, तुला माझी गरज पडेल. हा म्हणतो, नंतर बोलावून घेईन, आणि आईचं कडं तिच्या हातात घालून निघून जातो. त्याच रात्री एका हल्लेखोराच्या मनगटावर त्याला ते कडं दिसतं. बाईचं न ऐकण्याची किंमत त्याने तिथेच मोजलीय. पुढे तेच कडं मॅटकडून टेसच्या हातात येतं, आणि डन्सन तिला काय म्हणतो? मला मुलगा दे, माझं अर्धं तुझं. अजूनही व्यवहारच! अशा माणसाला शेवटी एका बाईने ओरडून गप्प केलं, आणि या वेळी त्याने ऐकलं. मला तरी हा शेवट चपखल वाटतो.

शेंगदाणा:
आत्याबाई, कल्पना तुमची छान आहे, पडद्यावर ती दिसत नाही. टेस येते दोन तृतीयांश सिनेमा झाल्यावर. खांद्यात बाण घुसून गाडीला खिळलीय तरी बडबड थांबत नाही.

आत्याबाई:
मग पुरुषाने बाण लागल्यावर दात-ओठ खाल्ले की शौर्य, आणि बाई बोलली की बडबड. चालू द्या.

कोरडवाहू:
तुम्ही शेवटावर भांडताय, माझं घोडं सुरुवातीलाच अडतं. रिओ ग्रांदेजवळची ती जमीन डॉन दिएगो नावाच्या माणसाची. त्याचा नोकर येऊन सभ्यपणे तसं सांगतो, आणि डन्सन त्याला गोळी घालून पुरतो. पुढे मिसूरीला निघताना शेजाऱ्यांच्या गुरांवरही स्वतःचा डाग उठवतो. मॅटने खिल्लार हिसकावलं तर ती बंडखोरी, आणि ही? शेवटी ‘एम’ आला म्हणून आपण डोळे पुसायचे. दिएगोच्या ‘डी’चं काय?

इतिहासाचं तर विचारूच नका. प्रत्यक्षात एका खेपेला साधारण अडीच-तीन हजार गुरं आणि दहाबारा गडी असत, दहा हजार नव्हेत. ॲबिलीनला जोसेफ मॅकॉय या गुरांच्या व्यापाऱ्याने रेल्वेलगत गुरांचे वाडे बांधले १८६७ मध्ये. सिनेमा युद्ध संपल्यासंपल्याच तिथे आगगाडी उभी करतो. मिसूरीची वाट का टाळायची, तर सिनेमात फक्त लुटारू. पण टेक्सासच्या गुरांबरोबर गोचीड जायची, तिच्यातून पसरणाऱ्या तापाने तिथल्या शेतकऱ्यांची जनावरं पटापट मरायची, म्हणून ते बंदुका घेऊन वाट अडवायचे. त्यांची बाजू कोण दाखवणार? शिवाय खऱ्या गुराख्यांत चारातला एक तरी काळा किंवा मेक्सिकन असावा असा इतिहासकारांचा अंदाज. इथे काळा गुराखी औषधाला नाही. चित्रीकरण ॲरिझोनात, आणि लांब शिंगांची गुरं दुर्मिळ झालेली म्हणून गर्दी भरून काढलीय हेरफर्ड जातीच्या गुरांनी.

दुर्बीण:
कोरडवाहू, गोचिडीचं कबूल. पण जमीन लाटल्याचं सिनेमाला कळत नाही असं समजू नका. डन्सनचा म्हातारा सोबती ग्रूट (वॉल्टर ब्रेनन, खोटे दात जुगारात हरलेला) तिथेच टोमणा मारतो, एका माणसाला एवढी जमीन म्हणजे जास्तच. तो दिएगोला उद्देशून मारलेला, पण पुढे कुणाला लागू पडतो ते उघड आहे. शिवाय डन्सन ज्याला मारतो त्याच्यावर बायबल वाचतो, त्यावर एक गडी कुरकुरतो की माणसात शिसं भरायचं, त्याला जमिनीत घालायचं आणि वर मंत्र म्हणायचे. त्याच्या धर्मबुद्धीची याहून वेगळी चिरफाड काय करायची?

कोरडवाहू:
टोमणा मारला, मग जमीन परत केली का? नाही ना.

पायवाट:
गुरं उधळतात त्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहिते. रात्र, गुरं बिथरलेली, पहारेकरी हलक्या आवाजात गातायत. त्याआधी डॅन लॅटिमर डन्सनला सांगतो की पगार झाला की बायकोला लाल बूट घेणार. आणि साखर चोरून खायची खोड असलेला बंक केनेली गाडीतली भांडी पाडतो. एका खणखणाटासरशी अख्खं खिल्लार सुटतं, डॅन त्यात जातो. सकाळी डन्सन म्हणतो, त्याच्या बायकोला पूर्ण पगार द्या, आणि अजून काहीतरी... तिथे अडखळतो. मॅट विचारतो, लाल बुटांचा जोड? आणि हा लगेच खेकसतो, त्यात काय वावगं आहे?

त्यानंतर तोच माणूस बंकला चाबकाने फोडायला निघतो. बंक पिस्तूल काढतो, आणि डन्सनने त्याला ठार करण्याआधी मॅट बंकला जखमी करून वाचवतो. म्हणजे डन्सनला जे बोलता येत नाही ते मॅट बोलतो, आणि त्याच्या हातून जे होऊ नये तेही मॅटच अडवतो. मॅटला मारणं त्याला जमणारच नव्हतं. घोडनवरा, तो बदलला नाही असं तुम्ही म्हणता. मी म्हणते, बदलायची गरजच नव्हती.

शेंगदाणा:
बुटांचा प्रसंग भारी, वादच नाही. बाकी आवृत्ती कुठली पाहिली तेही लिहीत जा लोकहो. एकात डायरीची पानं दिसतात, दुसरीत ब्रेननचं निवेदन आहे. निवेदनवाली थोडी आखूड आणि वेगवान आहे. पानं वाचताना माझी तर झोप उडायच्या ऐवजी लागली.

घोडनवरा:
पायवाट, बुटांचं वाचून मी तो भाग पुन्हा लावला. वेन तिथे नजर चुकवतो, मस्तच. तरी एक राहतंच. ॲबिलीनच्या रस्त्यात मॅटचा साथीदार चेरी डन्सनला आडवा जातो. डन्सन त्याला गोळी घालतो, स्वतःही जखमी होतो आणि पुढे चालू लागतो. पाच मिनिटांत हे मानलेले बापलेक हसतायत, नवा डाग आखतायत. चेरीची चौकशी दोघांपैकी एकालाही सुचत नाही?

आत्याबाई:
तो मेला असं कुठे म्हटलंय?

घोडनवरा:
मग निदान डॉक्टरला तरी बोलवा म्हणायचं!