मामा तलावाच्या सुशोभीकरणात कलेसाठी पैसा ठेवावा का?

पाळीवरचा

आमचं तालुक्याचं गाव, भंडारा जिल्ह्यातलं. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाल्यापासून रस्ते, नाल्या, दिवे अशी कामं निघत असतात. आता मामा तलावाच्या सुशोभीकरणाचा नंबर लागला आहे. नकाशा बघून आलो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सिमेंटचे गट्टू, स्टीलचं रेलिंग, एलईडीचे खांब, फायबरची दोन हरणं आणि ‘आय लव्ह’ लिहून पुढे गावाचं नाव. शेजारच्या तालुक्यातही हेच लागलंय, तीच हरणं, तेच लाल बदाम. खाली गावाचं नाव नसतं तर आपण कुठं उभे आहोत ते कळलं नसतं.

हा तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी बांधला. पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, गेला म्हणून मालगुजारी; ती पद्धत गेल्यावर ‘माजी मालगुजारी’, त्याचंच ‘मामा’ झालं. त्या पाळीवर फायबरचं हरीण बसवायचं?

माझं म्हणणं एवढंच, की कामाच्या अंदाजपत्रकातच कलेसाठी 1 टक्का धरा आणि कलाकाराला नकाशा काढतानाच बोलवा. एक कोटीच्या कामात एक लाख. ही कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये 1951 पासून शाळा-कॉलेजांच्या बांधकामात एक टक्का कलेला देतात, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात 1959 पासून तसा नियम आहे. आपल्याकडेही दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेच्या दारात रामकिंकर बैज यांचे यक्ष-यक्षी उभे आहेत, ते त्या इमारतीसाठीच घडवलेले.

कलाकार कुठून आणायचा, असं विचारू नका. आमच्याच गावात झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे एक काका आहेत. लहानपणी मी त्यांच्या अंगणात बसून बघायचो. राजवाड्याच्या पडद्यावर खांबांच्या सावल्या ते सगळ्या एकाच बाजूला पाडायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "स्टेजवर लाइट उजवीकडून येणार आहे ना बापू." पडदा कुठं टांगणार, उजेड कुठून पडणार, प्रेक्षक किती लांब बसणार, हे ठाऊक असल्याशिवाय ते ब्रश उचलत नसत. आता बहुतेक पडदे फ्लेक्सचे झाले आणि काका रेशन दुकानाच्या पाट्या रंगवतात. मंडईच्या जत्रेच्या दिवसांत अजून कुणी जुना पडदा उघडला की लोक आधी पडद्यालाच टाळी देतात.

जाळंवाला

भाऊ, तुमचं मन चांगलं आहे, पण माझा विरोध आहे. आम्ही ढिवर. तलावातल्या मासोळीचा ठेका आमच्या संस्थेकडे आहे. सुशोभीकरण म्हटलं की मले धडकीच भरते. आधी काठ सिमेंटचा होते. मग काठचं गवत जाते. मरळ त्याच गवतात पिल्लं सांभाळते, हे नकाशा काढणाऱ्याले कोण सांगणार? रात्रभर एलईडी जळते, पाखरं येत नाहीत. एका तलावावर असं झालेलं आम्ही डोळ्यानं पाहिलं. तिथं आता बेशरमची झुडपं आणि प्लास्टिक आहे, जाळं टाकाले जागा नाही.

तलावात गाळ साचला आहे. एप्रिलमध्ये मधोमध ढोरं चरतात. सांडव्याची भिंत फुटली आहे. एक लाख उरत असतील तर त्या गाळाले द्या. धानाले पाणी भेटंल, आमाले मासा भेटंल. चित्रानं पाणी थांबत नाही.

निवृत्त कनिष्ठ अभियंता

दोघांनाही सांगतो, अडचण वेगळीच आहे. अंदाजपत्रकातली प्रत्येक बाब सरकारी दरसूचीवर बसावी लागते. गट्टूचा दर चौरस मीटरवर आहे, रेलिंगचा आहे. भित्तिशिल्पाचा नाही. मग दरपत्रकं मागवा, दराचं पृथक्करण करा, तांत्रिक मान्यतेत त्यावर शेरा येणार, लेखापरीक्षणात पुन्हा विचारणा. नोकरीत असताना एका कामात मी स्थानिक कुंभारांच्या हातच्या मातीच्या फरशा धरल्या होत्या. वरून त्या काढायला लावल्या आणि टाइल्स लागल्या. म्हणून ठेकेदार फायबरचं हरीण सुचवतो. त्याचं बिल तयार असतं, पुरवठादार ठरलेला असतो.

त्यामुळे नुसता 1 टक्का धरून भागणार नाही. तोही एखाद्या पुरवठादाराच्या घशात जाईल. कलेचं काम मुख्य निविदेतून वेगळं काढलं, तरच तुमच्या काकांपर्यंत पैसा पोचेल. आणि खरं सांगू? तरीही मी याच्या विरोधातच मत देईन. छोट्या नगरपंचायतीत एकच अभियंता असतो आणि त्याच्याकडे नळयोजनाही असते.

लाखनीची ताई

मी शाळेत शिकवते. चंद्रपूर आणि बल्लारशा ही रेल्वे स्टेशनं बघितली आहेत का? तिथल्या कलाकारांनी भिंतींवर ताडोबाचं जंगल, वाघ, आदिवासी चित्रं रंगवली आणि 2018 मध्ये रेल्वेच्या सुंदर स्टेशनांच्या स्पर्धेत या दोन स्टेशनांना पहिला नंबर मिळाला. माझी मुलं तिथं सहलीला गेली तेव्हा गाडी चुकेल म्हणून मला त्यांना ओढून न्यावं लागलं.

आणि सेवाग्रामला बापू कुटीत जा. मीराबेननं भिंतीच्या मातीतच ताडाची झाडं आणि चरखा उठावात काढला आहे. वेगळा दगड नाही, वेगळा खर्च नाही. भिंत लिंपताना हात थोडा जास्त फिरला, एवढंच.

पाळीवरचा

ताई, हे उदाहरण मला सुचायला हवं होतं.

जाळंवाले दादा, काठाला सिमेंट लावायला माझाही विरोध आहे, आणि ते मी आधीच लिहायला हवं होतं. पण सांडव्याची भिंत नव्यानं बांधावीच लागणार ना? मग बांधतानाच तिच्यावर काही उठावात काढता येईल. पाळीवर बसायला ओटे होणारच आहेत, त्यात भंडाऱ्याच्या कासारांकडून पितळी पट्टी घालता येईल. हरणं, बदाम आणि निम्मे दिवे कमी केले तर गाळासाठीही पैसे निघतील. गाळ आणि कला एकाच ताटातले दोन घास आहेत असं मी मानत नाही. हरणं मात्र दोघांचाही घास खातात.

साहेब, वेगळ्या निविदेचा मुद्दा लिहून घेतला. सोमवारी अर्ज देतोय. तुमच्या विरोधासकट तो वाचून बघाल का?

निवृत्त कनिष्ठ अभियंता

पाठवा. शब्दरचना मी दुरुस्त करून देतो. मत बदललेलं नाही.

जाळंवाला

दिवे कमी करता, हे चांगलं. पण अर्जात पहिलं वाक्य गाळाचं लिहा, चित्राचं खाली. नाहीतर आमच्या संस्थेची सही भेटणार नाही.

अन् भिंतीवर मासे काढणार असाल तर काकाले आमच्याकडे पाठवा. मागं चौकातल्या भिंतीवर कुणीतरी तलाव रंगवला होता, त्यात पापलेट काढलं होतं. पोट्टे अजून विचारतात, हा मासा आपल्या तलावात कुठं राहते म्हणून. सकाळी सहाले जाळं निघते. तेव्हा या म्हणा, समोर ठेवून दाखवतो.