मधुमेह नाही, तरी भावाला शुगरची गोळी दिलीय. चालू ठेवावी का?

मेघा_देवगड
नमस्कार मंडळी. माझा भाऊ ४१ वर्षांचा, देवगड बंदरात ट्रॉलरवर तांडेल (बोटीचा प्रमुख) आहे. पायांना सूज यायला लागली म्हणून तपासण्या केल्या, लघवीतून प्रथिनं जात होती. कोल्हापूरला बायोप्सी झाली, निदान आयजीए नेफ्रोपॅथी, म्हणजे किडनीच्या गाळण्यांचा आजार. क्रिएटिनिन (किडनी कमी गाळायला लागली की रक्तात वाढणारा आकडा) १.६. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू होतीच, आता त्यात डॅपाग्लिफ्लोझिन १० ही शुगरची गोळी दिलीय. औषधाच्या दुकानात विचारलं, "शुगर कधीपासून आहे?" शुगर नाहीच त्याला! उपाशीपोटी ८८ येते. आईने धसका घेतलाय, समुद्रात असताना साखर उतरली तर कोण बघणार? त्यात तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.८ आलं, म्हणून त्याने गोळीच बंद केली. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मोबाइलवर रोज किडनीवरच्या नव्या संशोधनाच्या बातम्या येतात. त्यातलं खरंच काही आपल्यापर्यंत पोचतं का, की सगळं उंदरांवरच राहतं?

सुनेत्रा_कुडाळ
मेघा, आधी एक कर. तारखेची वाट न बघता उद्याच डॉक्टरांना फोन लाव आणि गोळी बंद केलीय हे सांग. मी डॉक्टर नाही. मुंबईत किडनीच्या औषधांच्या चाचण्यांवर समन्वयक म्हणून काम केलंय, त्यामुळे ही गोळी कुठून आली ते मला माहीत आहे.

तू विचारतेस ते संशोधन तुमच्या घरात पोचलंय, त्या गोळीच्या पाकिटात आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचा पदार्थ काढला गेला. तो दिला की लघवीतून साखर जाते, हे १८८६ मध्ये दिसलं. त्यावरून तुझ्या भावाच्या गोळीसारखी मधुमेहाची औषधं बनायला एकविसावं शतक उजाडलं. मधुमेहाच्या नव्या औषधांनी हृदयाला धोका होत नाही हे दाखवा, अशी अट अमेरिकेने २००८ मध्ये घातली होती. त्या अटीपायी मोठ्या चाचण्या झाल्या आणि त्यांत दिसलं की किडन्याही जास्त टिकतायत. मग मधुमेह नसलेल्यांचं काय, हे बघायला २१ देशांत ४३०४ किडनीच्या रुग्णांवर याच गोळीची डॅपा-सीकेडी नावाची चाचणी झाली, भारतातले रुग्णही त्यात होते. साधारण एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हता. फायदा इतका स्पष्ट होता की २०२० मध्ये ती मुदतीआधीच थांबवली. तुझ्या भावाचाच आजार असलेले २७० जण होते. किडनीची मोठी घसरण, डायलिसिसची पाळी किंवा किडनी-हृदयाच्या आजाराने मृत्यू यांपैकी काही ना काही डमी गोळीवाल्या १३३ जणांत २० जणांच्या वाट्याला आलं, खऱ्या गोळीवाल्या १३७ जणांत सहाच जणांच्या. आकडे लहान आहेत, पण मला ते विसरता येत नाहीत.

आईंना सांग, रक्तातली साखर मुळात नॉर्मल असेल तर ही गोळी एकटी ती धोकादायक खाली नेत नाही. क्रिएटिनिनचं म्हणशील तर, किडनीच्या गाळण्यांवरचा दाब ही गोळी कमी करते, म्हणून सुरुवातीला आकडा थोडा चढतो. गाळण्याच्या क्षमतेतली घट आधीच्या तुलनेत ३० टक्क्यांच्या आत असेल तर डॉक्टर सहसा गोळी चालू ठेवून लक्ष ठेवतात. तुझ्या भावाची घसरण त्याच्या बरीच आत आहे. निर्णय अर्थात डॉक्टरांचाच.

खरी काळजी बोटीवरची. उलट्या, जुलाब, जेवण न जाणं, कडक उपास, यात ही गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. ती परत कधी सुरू करायची हेही त्यांनाच विचारायचं. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या कपड्यांत दिवसभर राहू नये, या गोळीने जांघेत, गुप्तांगावर बुरशी होऊ शकते. जाळी ओढून अंग दुखलं म्हणून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी खात असेल तर ती मात्र आजच बंद, ती किडनीला अपाय करते.

बाबल्या_मालवण
ताई, ह्या आमका कोणीच सांगूक नाय. बंदरात सगळेच दुखण्याची गोळी खातत, पानपट्टीवर पण गावता. माझ्या चुलत्याक कळला तेव्हा डायरेक्ट डायलिसिसच.

सुनेत्रा_कुडाळ
बाबल्या, माझा जीव तिथेच तुटतो. चाचणीतले एक काका पहाटेच्या लघवीची डबी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, लोकलच्या गर्दीत छातीशी धरून आणायचे. आपल्याला खरी गोळी मिळतेय की डमी, हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. अशा हजारो माणसांनी दिलेल्या नमुन्यांवर ही गोळी उभी आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात तिचं मूळ पेटंट संपलं, अनेक कंपन्यांनी ती काढली, किंमत धाडकन उतरली. आणि आपल्याकडे बीपी-शुगरवाल्यांची लघवी बऱ्याचदा तपासलीच जात नाही! किडनी सुरुवातीला दुखत नाही. सूज दिसेपर्यंत बरंच गेलेलं असतं.

मेघा_देवगड
डॉक्टरांशी बोलले. गोळी परत सुरू करायला सांगितली, पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. पेनकिलरचं विचारलं तर भाऊ गप्पच बसला, म्हणजे खात होता. सुनेत्राताई, पुढेमागे त्याला एखाद्या नव्या औषधाच्या चाचणीत घेतो म्हणाले तर?

सुनेत्रा_कुडाळ
आयजीएसाठी सध्या खूप काही चाललंय. पूर्वी क्रिएटिनिन दुप्पट होईपर्यंत किंवा डायलिसिस लागेपर्यंत वाट बघावी लागायची, एका चाचणीत वर्षं जायची. आता लघवीतली प्रथिनं किती घटली यावरही प्राथमिक मंजुरी मिळू शकते. अमेरिकेत २०२१ पासून खास या आजाराची औषधं अशीच आली.

कोणी विचारलं तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीत चाचणीचा क्रमांक आहे का बघ. संमतीपत्र मराठीत माग, घरी आणून सगळ्यांनी वाचा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, ते त्यात लिहिलेलं असतं. मध्येच बाहेर पडायचा हक्क त्याला आहे आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. कोल्हापूर-मुंबईच्या फेऱ्यांचा खर्च मिळणार का, हेही आधीच विचार. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली की तांडेलाला बोट सोडून येता येत नाही, तपासणीच्या तारखा त्याप्रमाणे बसतात का तेही बघ.

आणि बाबल्या, चुलत्यांच्या घरात बीपी-शुगर कोणाला असेल तर लॅबमध्ये 'युरिन एसीआर' (लघवीतून जाणारं प्रथिन मोजणारी तपासणी) म्हणून सांग, सोबत क्रिएटिनिन. सकाळची पहिली लघवी न्यायची.