२ मीटरचं टर्बाइन जेट किटमधून जोडतोय: गोंद लावण्याआधी काय काय पक्कं करावं?

उंचझेप

नमस्कार मंडळी,

रिमोटवर उडवायचं मॉडेल जेट जोडतोय. फ्यूजलाज (विमानाचं धड) ग्लास-इपॉक्सीचं, दोन तुकड्यांत, साच्यातच रंगवलेलं आहे. पंखविस्तार २ मीटर, लांबी २.३ मीटर. टर्बाइन १६० न्यूटनची, मुख्य टाकी ४ लिटरची, रिट्रॅक्ट (चाकं आत दुमडणारी यंत्रणा) इलेक्ट्रिक. किटवाल्याच्या मते इंधनाशिवाय वजन १५ किलो भरायला हवं. मॅन्युअलमध्ये फोटोच जास्त, मजकूर नावालाच. फोमची डक्टेड फॅन जेट्स आणि टर्बाइन ट्रेनर उडवून झालेत, पण एवढं मोठं कॉम्पोझिट किट पहिलंच.

अडलंय ते इथे:

१) फॉर्मर (फ्यूजलाजच्या आतल्या आडव्या चौकटी) आणि मुख्य चाकांच्या प्लेटी कारखान्यातूनच चिकटवून आल्यात. त्या तशाच चालतील का?

२) बुडबुडे अडवणारी छोटी टाकी (यूएटी) कुठे बसवावी, नळ्या कोणत्या मापाच्या घ्याव्यात?

३) टर्बाइन मागे, एलिव्हेटरचे सर्व्होही मागे. तोल साधायला नाकात शिसं किती लागेल याचा अंदाज आधीच घेता येतो का?

---

तीनकाटे

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची सगळी मांडणी त्यावर ठरते.

गोंदाचा थेंबही न लावता अख्खं विमान एकदा कोरडं जुळवा. टर्बाइन, थ्रस्ट ट्यूब (टर्बाइनचा झोत मागे नेणारी नळी), रिट्रॅक्ट, चाकं, सगळे सर्व्हो, टाक्या, पंप, ईसीयू (टर्बाइन चालवणारा कंट्रोलर), बॅटऱ्या, सगळं जागच्या जागी ठेवा, लागेल तिथे चिकटपट्टी लावा. कॉकपिटमधला पायलट आणि कॅनॉपीसुद्धा विसरू नका, ते वजन बरंच पुढे असतं. आता चाकं खाली, मुख्य टाकी रिकामी, यूएटी भरलेली अशा स्थितीत तिन्ही चाकांखाली एकेक सपाट काटा ठेवा. विमान लेव्हलमध्ये हवं. नाक वर असेल तर आकडे फसवतात.

हिशोब सोपा आहे. पुढच्या चाकावरचं वजन गुणिले पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, भागिले एकूण वजन. उत्तर येईल तेवढा सीजी (गुरुत्वमध्य, जिथे विमान तोललं जातं) मुख्य चाकांच्या आसाच्या पुढे.

समजा चाकांमधलं अंतर ९०० मिमी, एकूण वजन १५ किलो आणि पुढच्या काट्यावर १.५ किलो. म्हणजे सीजी आसाच्या ९० मिमी पुढे. मॅन्युअलची खूण १२० मिमीवर असेल तर तुम्ही ३० मिमी मागे आहात. नाकाचा शेवटचा फॉर्मर त्या खुणेपासून ९०० मिमी पुढे धरला, तर १५००० × ३० ÷ ९०० = ५०० ग्रॅम शिसं. अर्धा किलो मेलेलं वजन!

आता शिसं उचलण्याआधी बॅटऱ्यांकडे बघा. रिसीव्हरच्या दोन बॅटऱ्या मिळून ४०० ग्रॅमच्या असतील आणि फोटोत दाखवल्याप्रमाणे सीजीच्या १०० मिमी पुढे असतील, तर त्यांना ८५० मिमी पुढे, नाकात न्या. ७५० मिमीच्या या सरकण्याने सीजी २० मिमी पुढे येतो. उरलेल्या १० मिमीला १७० ग्रॅमच्या आत भागतं. ईसीयूची बॅटरी पुढे नेता आली तर तेवढंही लागणार नाही. मात्र त्या बॅटऱ्यांची ट्रे वायरच्या लांबीपासून ते हात जाईल इतक्या जागेपर्यंत आधी ठरवावी लागते. फॉर्मर चिकटल्यावर तिथे हात पोचत नाही. म्हणून म्हणतो, काट्यावर चढवल्याशिवाय गोंदाची बाटली उघडू नका.

शेपटीत प्रत्येक ग्रॅम मोजून लावा. सीजीच्या मागे एक मीटरवर ५० ग्रॅम जास्तीचं इपॉक्सी पडलं, की नाकात ५५ ग्रॅम गेलेच.

---

लॅमिनेट

तीनकाटेंचं म्हणणं पटतं, फक्त एक अपवाद. मुख्य चाकांच्या प्लेटी सीजीच्या अगदी जवळ असतात. त्यांना ६०-७० ग्रॅम गोंद आणि कापड लागलं तरी सीजी जागचा हलत नाही. ते काम कोरड्या जुळणीआधी उरकलं तर उलट बरं, रिकाम्या फ्यूजलाजमध्ये हात मोकळे राहतात.

कारखान्याच्या जोडांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. प्रत्येक फॉर्मरवर अंगठा दाबून फ्यूजलाज किंचित पिळा आणि कान लावा. बारीक ‘टिक’ ऐकू आली की तो जोड सुटलाय किंवा नुसत्या रंगाच्या थरावर टेकलाय. टॉर्च तिरकी धरली तर गोंदाच्या कडेला केसाएवढी काळी फट दिसते. ही चूक बहुतेक किटांत एकाच कारणाने होते: साच्यातून काढताना लावलेलं मेण पृष्ठभागावर उरतं आणि त्यावरच गोंद ओततात. गोंद वाळतो, पण धरत नाही.

उपाय: जोडाच्या दोन्ही बाजूंना २५ मिमी पट्टा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, चकाकी पूर्ण जाईपर्यंत. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दर वेळी कापडाची नवी बाजू घ्या. आधी पुसलं नाही तर पेपर ते मेण खरवड्यांत घोळवतो. ॲसिटोनही चालतं, पण फोम असेल तिथे ते अजिबात नको.

गोंद सावकाश वाळणारा, २४ तासांचा. लॉकटाइट ९४६२ (पूर्वीचं हायसॉल) या कामाला छान, कारण तो घट्ट असल्याने ओघळत नाही आणि वाळल्यावर काचेसारखा तडकत नाही. साधं लॅमिनेटिंग इपॉक्सी वापरणार असाल तर त्यात कापसाचा भुसा आणि मिल्ड फायबर मिसळा, काडी उभी राहील इतकं घट्ट होईपर्यंत. मायक्रोबलून इथे चालत नाही, ते घासून गुळगुळीत करायच्या पुट्टीसाठी, ताण घेण्यासाठी नव्हे. ५ मिनिटांचं इपॉक्सी या जोडांपासून लांबच ठेवा. ते ठिसूळ असतं आणि टर्बाइनच्या उष्णतेने मऊ पडतं.

कोपऱ्यात बोटाने गोलाई द्या आणि ओल्यावरच ८०-१०० ग्रॅमच्या ग्लास कापडाच्या दोन पट्ट्या बसवा. रिट्रॅक्टच्या प्लेटीला हे दोन्ही बाजूंनी करा. उतरताना चाकाला बसणारा झटका मागे ओढतो आणि प्लेट पुढच्या कडेवर सोलली जाते, म्हणून पुढच्या कडेला तिसरी पट्टी.

रिट्रॅक्ट लाकडी स्क्रूवर टांगू नका. एम४ बोल्ट आणि मागून टी-नट. टी-नटच्या दातांमागे गोंद लावताना आट्यांवर व्हॅसलीनचं बोट फिरवा. धातूवर धातू असेल तिथे निळा थ्रेडलॉकर. नायलॉन किंवा प्लास्टिकजवळ तो नेऊ नका, काही प्लास्टिकं त्याने तडकतात.

---

थेंबअनथेंब

इंधनाचं बघू. टर्बाइन हवेत विझण्याचं नेहमीचं कारण बुडबुडा. पंपात हवा गेली की क्षणभर ज्योत उपाशी राहते आणि मग परत पेटत नाही.

क्रम असा: मुख्य टाकी, मग यूएटी, मग पंप, मग फिल्टर, मग शट-ऑफ व्हॉल्व्ह, मग टर्बाइन. फिल्टर पंपाच्या पुढे, म्हणजे दाबाच्या बाजूला. ओढीच्या बाजूला बसवला तर तो थोडा तुंबला तरी पंप जोरात ओढतो, नळीत निर्वात होतो आणि सांध्यांतून हवा आत शिरते. तिथे इंधन बाहेर गळत नाही, म्हणून गळती दिसतच नाही. भरण्याच्या कॅनवर वेगळा फिल्टर ठेवा, कचरा तिथेच थांबवणं सोपं.

ओढीच्या बाजूच्या नळ्या ६ मिमी बाहेरच्या, ४ मिमी आतल्या मापाच्या. पंपापासून टर्बाइनपर्यंत ४ मिमीची चालते. पुश-फिट सांध्यात नळी घालताना टोक काटकोनात कापा. कात्रीने नव्हे, नळीच्या कटरने. तिरकं कापलेलं टोक आतल्या ओ-रिंगवर नीट बसत नाही. यूएटी सीजीच्या जवळ आणि पंपाला लागून ठेवा, ओढीची नळी जितकी आखूड तितकी बरी. तिची टोपी पारदर्शक असेल तर हॅचमधून दिसेल अशी ठेवा. उड्डाणानंतर वरच्या बाजूला बुडबुडा दिसला की कुठेतरी सांधा हवा ओढतोय.

व्हेंट नळी बारीक ठेवू नका, पूर्ण ६ मिमी हवी. व्हेंट आवळलं तर इंधन संपत जाताना टाकी आत चेपते. व्हेंटचं तोंड फ्यूजलाजच्या खाली, हवेच्या झोताकडे किंचित कललेलं. इंधन भरून झाल्यावर लावलेली टोपी काढायला विसरू नका, तिला लाल फीत बांधा.

टाकी बसवण्याआधी तपासा: सगळी तोंडं बंद करून फुगवा, फार तर ०.१ बार, आणि सांध्यांवर साबणाचं पाणी. आत नळीच्या टोकाचा जड क्लंक टाकी उलटी-सुलटी केली तरी कोपऱ्यांत मोकळा फिरला पाहिजे, मागच्या भिंतीला घासू नये.

मिश्रणात टर्बाइन ऑइल ५ टक्के, म्हणजे २० लिटर केरोसीनला १ लिटर. बेअरिंगचं वंगण तेच आहे, अंदाजाने ओतू नका. निर्मात्याने वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा.

---

उंचझेप

उत्तरांबद्दल मनापासून आभार. बोटाने दाबून ऐकलं. डावीकडच्या चाकाच्या प्लेटीमागचा फॉर्मर खरंच ‘टिक’ करतोय, तो सोलून परत चिकटवतो.

आणखी दोन शंका. मुख्य टाकीचा मध्य सीजीच्या ६० मिमी पुढे येतोय, हे चालेल का? आणि बिजागऱ्या चिकटवताना त्यांची हालचाल जाम होऊ नये म्हणून काय करता?

---

तीनकाटे

चालेल. ४ लिटर केरोसीन म्हणजे सुमारे ३.२ किलो. एकूण १८.२ किलोवर ३२०० × ६० ÷ १८२०० = साधारण १०.५ मिमी. म्हणजे भरल्या टाकीने सीजी सव्वा सेंटिमीटरपेक्षा कमी पुढे येतो आणि इंधन संपत जाईल तसा खुणेकडे मागे सरकतो. ही सुरक्षित दिशा. टाकी सीजीच्या मागे असती तर मी नक्कीच हलवायला सांगितलं असतं, कारण मग भरल्या टाकीनिशी जड विमान मागच्या सीजीवर टेक-ऑफ घेतं.

---

बिजागरी

बिजागरीच्या सांध्याच्या पिनेवर टूथपिकने व्हॅसलीन लावा, गोंद फक्त खुंट्यांना. खुंटी भोकात घातल्यावर सरफेस (एलिव्हेटर, एलेरॉन असा हलणारा भाग) लगेच दोन्ही टोकांपर्यंत हलवून बघा, आणि गोंद अर्धवट वाळला असताना पुन्हा एकदा. सगळ्या पिना एका रेषेत हव्यात. एखादी जरी १ मिमी बाहेर राहिली तर सरफेस ताणून वळतो आणि सर्व्हो सतत गुणगुणत बसतो.

पण माझा जीव फडफडीत अडकतो. इतक्या वेगाच्या विमानात एलिव्हेटर किंवा एलेरॉन फडफडू लागला की क्षणात फाटून जातो. सर्व्होला वीज द्या आणि सरफेसची मागची कड दोन बोटांत धरून हळूच हलवा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ जाणवला तर तिथेच थांबा आणि तो कुठून येतोय ते शोधा: सर्व्होच्या गिअरमधून, आर्मच्या दात्यांतून, बॉल-लिंकमधून की हॉर्न (सरफेसवरचा, पुशरॉड जोडायचा खुंट) किंचित हलतोय म्हणून. धातूची आर्म, ३ मिमीचा पुशरॉड, दोन्ही टोकांना बॉल-लिंक. प्रत्येक एलिव्हेटरला किमान २५ किलो-सेंमीचा डिजिटल सर्व्हो घ्या.

ट्रान्समीटरमध्ये ट्रॅव्हल ५० टक्क्यांवर आणून हालचाल कमी करणं म्हणजे सर्व्होची निम्मी ताकद आणि अचूकता वाया घालवणं. आर्मचं आतलं भोक आणि हॉर्नचं बाहेरचं भोक घ्या, ट्रॅव्हल १०० टक्क्यांजवळ ठेवा. सेंटरला पुशरॉड आर्मशी काटकोनात हवा. फ्लॅप याला अपवाद, तिथे आर्म मुद्दाम पुढे कललेली लावतात, म्हणजे फ्लॅप पूर्ण खाली असताना सर्व्होवर भार कमी येतो.

---

थेंबअनथेंब

थ्रस्ट ट्यूबचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. टर्बाइनचं तोंड आणि ट्यूबच्या घंटेसारख्या रुंद तोंडामधलं अंतर टर्बाइनच्या मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, तेच ठेवा. दोन्हींचा आस एका रेषेत हवा. मागून टॉर्च टाकून बघा, टर्बाइनचा शंकू ट्यूबच्या बरोबर मध्यभागी दिसला पाहिजे. तिरका बसला तर ६००-७०० अंशांचा झोत एका बाजूच्या भिंतीवर आदळतो आणि ट्यूब तिथे निळी पडते. पहिल्या धावणीनंतर निळा डाग एकाच बाजूला दिसला की टर्बाइनची रेल शिमने सरकवा. ट्यूबचं मागचं टोक मोकळं सरकू द्या, तापल्यावर ती लांबते. पुढून बोल्ट आणि मागूनही बोल्ट केलं तर ती वाकते.

पहिल्यांदा सुरू करताना नाक वाऱ्याकडे, टर्बाइनच्या दोन्ही बाजूंना आणि मागे कुणी उभं नको, हातात सीओटू अग्निशामक. पावडरचा नको, टर्बाइनचं बेअरिंग आणि कंप्रेसर त्या पावडरने कायमचे जातात. स्टार्ट फसला तर लगेच दुसऱ्यांदा बटण दाबू नका. नाक वर, शेपटी खाली करून साचलेलं केरोसीन मागून निथळू द्या, नाहीतर पुढच्या स्टार्टला ते एकदम पेटतं आणि ज्वाळा ट्यूबबाहेर येते.

फेलसेफमध्ये सिग्नल गेल्यावर टर्बाइन बंद व्हायला हवी. ट्रान्समीटर बंद करून हे जमिनीवर, टर्बाइन चालू असताना तपासा. टायमर सुरुवातीला ६ मिनिटांचा. उतरल्यावर टाकी परत भरताना किती लिटर गेलं ते लिहून ठेवा. टाकीत एक लिटर उरतंय अशी खात्री दोन-तीन उड्डाणांत झाली की मगच मिनिट वाढवा.

---

उंचझेप

ट्यूब मी दोन्हीकडे बोल्ट करणार होतो, बरं झालं सांगितलंत. आजच मागचा ब्रॅकेट लांबट भोकाचा करतो. कोरडी जुळणी झाली की तिन्ही काट्यांचे आकडे इथे टाकतो.