‘अ‍ॅडल्ट फँटसी’ला मराठीत काय म्हणायचं?

वाचनवेडी: जुन्या अमेरिकन फँटसी कथासंग्रहांवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय, एका शब्दापाशी गाडी अडलीय. १९६५ला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनची पेपरबॅकं धडाधड खपली, मग बॅलंटाइन प्रकाशनाने १९६९ पासून ‘अ‍ॅडल्ट फँटसी’ नावाची मालाच काढली, कव्हरवर युनिकॉर्नच्या डोक्याचा शिक्का, सल्लागार लिन कार्टर. त्याने स्वतः निवडलेला ‘द यंग मॅजिशियन्स’ त्यातलाच, विल्यम मॉरिस, डन्सनी, लव्हक्राफ्ट सगळे एका पुस्तकात. मी ‘प्रौढांसाठी अद्भुतकथा’ लिहिलं तर संपादकांचा फोन, यात तसलं काही नाही ना? अहो नाही, ‘अ‍ॅडल्ट’ एवढ्यासाठीच की ही पोरांची परीकथांची पुस्तकं नाहीत. काय लिहू?

मोडीप्रेमी: प्रौढच ठेवा. प्र + ऊढ, वह् धातू, पूर्ण वाढीला आलेला. महाराजांच्या गारदेत ‘प्रौढप्रतापपुरंदर’ म्हणतो तेव्हा कुणाच्या मनात तसलं येतं का? सेन्सॉरच्या सर्टिफिकेटपायी एक चांगला शब्द टाकून द्यायचा हे मला पटत नाही.

सातपुडा: व्युत्पत्ती बरोबर असेल हो, पण वाचक व्युत्पत्ती बघून वाचत नाही ना. आमच्याकडे प्रौढ म्हणजे रात्रीचा साक्षरता वर्ग, आजी कंदील घेऊन जायची आणि पाटीवर स्वतःचं नाव गिरवायची. सरळ ‘मोठ्यांच्या अद्भुतकथा’ लिहा.

मोडीप्रेमी: मोठ्यांच्या म्हणजे मोठ्यांसाठी की मोठ्यांबद्दल?

दर्यावर्दी: मला तर ‘अद्भुत’च खटकतंय. अद्भुत म्हणजे विस्मय. कार्टरच्या आधी, १९६३ला डी कॅम्पने ‘सोर्ड्स अँड सॉर्सरी’ काढलं, आठ लेखकांच्या आठ कथा, हॉवर्डचा योद्धा कोनन, सी. एल. मूरची तलवारवाली जिरेल, त्यात वीर आणि भयानक रसच जास्त. आणि सॉर्सरीला काय म्हणणार? आमच्या मालवणात करणी म्हणजे भावकीतल्या कुणीतरी दारात टाकलेलं लिंबू, कोननच्या मांत्रिकांना ते लावताच येत नाही.

कसबापेठ: कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टींना ‘सुरस व चमत्कारिक’ म्हटलं, किती गोड शब्द, पण आज चमत्कारिक माणूस म्हटलं की विक्षिप्त. शब्दाचा अर्थ सरकतो, आपण धरून राहत नाही. फँटसी सगळ्यांना कळतं, तेच लिहा.

मोडीप्रेमी: असं करत करत सगळेच शब्द उसने होतील. ज्ञानेश्वरांच्या भाषेत विस्मयाला शब्द नाही हे मी मान्य करणार नाही.

वाचनवेडी: फँटसी चालेल मला, पण ‘अ‍ॅडल्ट’चं काय करू?

दर्यावर्दी: त्याआधी तुमचा ‘कथासंग्रह’ बघा ताई. तो एकाच लेखकाचा वाटतो. अनेकांमधून निवडलेल्याला आपल्याकडे ‘वेचे’ आहेच की, परशुरामतात्या गोडबोल्यांचं ‘नवनीत’, १८५४चं, मराठी कवितांचे वेचे. अँथॉलॉजीचं ग्रीक मूळही फुलं वेचण्याचंच.

सातपुडा: वेचे म्हणजे उतारे, शाळेच्या पुस्तकातले तुकडे. इथे अख्ख्या कथा आहेत. ‘संकलन’ बरं.

कसबापेठ: संकलन म्हटलं की सिनेमाचं एडिटिंग आठवतं. ‘प्रातिनिधिक कथा’ म्हणा.

मोडीप्रेमी: प्रातिनिधिक कशाच्या? कार्टरने त्याला आवडलेल्या घेतल्यात, प्रतिनिधी नाही नेमलेत. आणि सातपुडा, वेचा म्हणजे तुकडाच हे कुठून आणलंत? यवतमाळला कापूस वेचतात तेव्हा बोंडातला सगळाच काढतात.