'लाय'ला मराठीत काय म्हणावं? निदान 'क्षार' तरी नको

घरगुती साबणावरचं एक टिपण मराठीत आणते आहे. त्यात धुण्याचा सोडा आणि विरलेला चुना पाण्यात एकत्र करतात. खडू तळाशी बसतो, वर उरते ती 'लाय', म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं पाणी. एका अनुवादात याला 'क्षाराचं द्रावण' म्हटलेलं वाचलं आणि धस्स झालं. शाळेत आपण शिकलो की आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी होतं. बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरे थर चढतात, तेही आपल्या बोलण्यात क्षारच. मग 'क्षाराचं द्रावण' वाचून कुणीही खारट पाणी समजेल आणि बेधडक हात घालेल. हे पाणी कातडी भाजतं, डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो. नेमका शब्द सुचवा.

---

घोळ हिंदीवरून उचलल्याने होतो. हिंदीत आम्लाच्या विरुद्ध तो क्षार, आणि आपण ज्याला क्षार म्हणतो ते लवण. अक्षरं तीच, अर्थ थेट उलटा.

पण संस्कृतातला जुना अर्थ हिंदीनेच धरून ठेवलाय, हेही मान्य करायला हवं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षारपाकविधी असा अख्खा अध्याय आहे. वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी आटवायचं आणि त्यात चुनखडी, शंख लाल होईपर्यंत तापवून विझवायचे. मृदू, मध्यम, तीक्ष्ण असे तीन प्रकार. म्हणजे तुमच्या टिपणातलीच क्रिया, सोड्याऐवजी राख. तयार क्षार लोखंडी भांड्यात तोंड बंद करून ठेवायला सांगितलाय, आणि ते अगदी बरोबर आहे. उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा सौम्य होतो. (ॲल्युमिनियमचं पातेलं मात्र हे पाणी खाऊन टाकतं, टिपणात तेवढं ठळक लिहा.)

---

क्षारचाच 'खार' झाला, तो विसरू नका. पापडखार, सज्जीखार हे मिठाचे नव्हेत, सोड्याच्या जातीचे. आमची आजी उडदाच्या पापडांसाठी पापडखार पाण्यात उकळायची, गार झाला की तळाचा गाळ न हलवता वरचं पाणी अलगद ओतून घ्यायची. त्याला ती 'निवळ' म्हणायची. भांडी घासताना राखेचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं, तोही खाराचाच गुण. आसामात केळीच्या सालीच्या राखेतून काढलेल्या पाण्याला आजही 'खार' म्हणतात आणि ते जेवणात घालतात.

पण म्हणूनच 'खार' इथे चालणार नाही. खार पोटात जातो, लाय जाऊ नये.

---

'क्षारोदक' कसा वाटतो?

---

कानाला छान आहे, पण बाटलीवर वाचून कुणी सावध होईल का? 'दाहक सोडा' हा पुस्तकी शब्द निदान भाजण्याची सूचना देतो. तुंबलेली मोरी मोकळी करणारा माणूसही 'कॉस्टिक' म्हणतो आणि ते ऐकून पोरं लांब सरतात.

---

सगळ्यांचे आभार. राखेपासूनच्या पाण्याला 'राखेची निवळ' लिहिते, आजींचा शब्द घेतला. चुना-सोड्याच्या पाण्याला 'कॉस्टिकचं पाणी', पहिल्या उल्लेखाला सोबत 'दाहक सोडा'. 'क्षार' सगळीकडून काढला. एका चित्राखाली राहिला होता, तोही आत्ताच खोडला.