अनुभव धागा: स्पॅनिशमधला 'ब्वेनो' – कुठे चांगला, कुठे बरा, कुठे भलताच

स्पॅनिशच्या पहिल्याच आठवड्यात 'ब्वेनो' भेटतो आणि वहीत 'ब्वेनो = चांगला' अशी नोंद पडते. पुढची वर्षभराची गडबड त्या नोंदीतून निघते. शिकवणारे, भाषांतर करणारे, तिकडे राहणारे, सगळ्यांनी आपापल्या कामातून पक्कं झालेलं लिहा. किस्से नकोत. वाक्य, ते कुठल्या देशात चालतं आणि चुकतं ते का चुकतं, एवढं द्या.

शिकवणीवाली

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी. मराठीत 'आहे' एकच, स्पॅनिशमध्ये दोन: स्वभाव, दर्जा, ओळख सांगायला 'सेर' आणि सध्याची स्थिती सांगायला 'एस्तार'. 'कसा आहेस?'ला विद्यार्थी 'मी बरा आहे' मनात जुळवतो आणि 'एस्तोय ब्वेनो' म्हणतो. ऐकणाऱ्याला कळतं, 'मी दिसायला एकदम मादक आहे.' तब्येत, खुशाली सांगायला 'एस्तोय ब्येन'. इथे विशेषण नको, क्रियाविशेषण हवं.

माणसाबद्दल बोलताना हा फरक पाठच करून टाका ('एस' हे 'सेर'चं रूप, 'एस्ता' आणि 'एस्तोय' ही 'एस्तार'ची). 'एस ब्वेना' म्हणजे ती मनाने चांगली आहे. 'एस्ता ब्वेना' म्हणजे तिच्या शरीराबद्दलचा शेरा, तोही सलगीतला. ऑफिसात, वर्गात, मैत्रिणीच्या आईबद्दल हे वाक्य चुकूनही नको. स्वभावाचं कौतुक करायचं तर 'एस ब्वेना पेर्सोना', दिसण्याचं करायचं तर 'एस ग्वापा'. एकच म्हण क्रियापद बदलून दोन्हीकडे जाते: 'एस मास ब्वेनो के एल पान' म्हणजे देवमाणूस, आणि 'एस्ता मास ब्वेनो के एल पान' म्हणजे दिसायला कातिल. 'पान' म्हणजे पाव.

खवय्या

खाण्याच्या बाबतीत मात्र 'एस्तार'च हवं. ताटातला घास तोंडात गेल्यावर 'एस्ता ब्वेनो' म्हणजे चविष्ट झालंय. 'एल हामोन एस ब्वेनो' म्हणालात तर त्या हॅमचा (डुकराच्या खारवलेल्या मांसाचा) दर्जा चांगला असं सर्वसाधारण विधान होतं, यजमानाच्या हातचं कौतुक होत नाही. आणखी एक: 'ला लेचे नो एस्ता ब्वेना' हे बहुतेक वेळा चवीबद्दल नसतं, दूध नासलंय. तारीख उलटलेलं दही वास घेऊन 'तोदाविया एस्ता ब्वेनो' म्हटलं की अजून खाण्यासारखं आहे. शंका असेल तर चवीसाठी 'एस्ता रिको' म्हणा, स्पेनपासून अर्जेंटिनापर्यंत चालतं.

औषधी

शिकवणीवालींच्या मुद्द्याला जोड. आजारपणात 'ब्वेनो' परत येतो आणि तिथे तो अगदी सभ्य आहे. 'पोनेर्से ब्वेनो' म्हणजे बरं होणं. स्पेनमध्ये आजारी माणसाला 'के ते पोंगास ब्वेनो' (बाईला 'ब्वेना') असा निरोप सर्रास देतात. ताप उतरल्यावर 'या एस्तोय ब्वेनो' हेही बरोबर. 'या' म्हणजे 'आता, एकदाचा', आणि आजारपणाचा संदर्भ आधी आलेला असतो. आपला 'बरा' इथे तंतोतंत बसतो.

पण लॅटिन अमेरिकेत 'या एस्ता ब्वेनो!' आवाज चढवून आलं तर अर्थ 'पुरे झालं आता'. मेक्सिकोत ते 'या एस्तुवो ब्वेनो' होतं.

जागेचा प्रश्न

क्रियापद नसेल तर नामाच्या आधी की नंतर ते बघायचं. पुल्लिंगी एकवचनी नामाआधी 'ब्वेनो'चा 'ब्वेन' होतो: उन ब्वेन लिब्रो (एक चांगलं पुस्तक). स्त्रीलिंगी नामाआधी पूर्ण 'ब्वेना'. इथे 'आग्वा' (पाणी) फसवतं. ते स्त्रीलिंगी आहे, पण उच्चाराच्या सोयीसाठी आधी 'एल' हे पुल्लिंगी उपपद घेतं. ते बघून 'ब्वेन आग्वा' लिहितात. बरोबर रूप 'ब्वेना आग्वा'.

'उन ब्वेन मेदिको' हा आपल्या कामात तरबेज डॉक्टर. 'उन मेदिको ब्वेनो' हा कामात चांगला असेल किंवा मनाने भला असेल, संदर्भ ठरवतो.

नामाआधीच्या 'ब्वेन'चा एक अर्थ मात्र मराठी माणसाला शिकवावाच लागत नाही, कारण आपण तसंच बोलतो. 'उन ब्वेन रातो' म्हणजे चांगला बराच वेळ. 'उना ब्वेना पालिसा' म्हणजे चांगलाच चोप. इथे चांगुलपणा नाही, प्रमाण आहे. आपल्या 'चांगला तासभर ताटकळलो' मध्ये तरी काय चांगलं असतं? मेक्सिकोत हेच पुढे जाऊन नुसतं 'उन ब्वेन' उरतं: 'उन ब्वेन दे हेन्ते' म्हणजे पुष्कळ माणसं. स्पेनमध्ये ते ऐकू येणार नाही.

आणि 'ब्वेना ला आस एचो'! शब्दाला शब्द लावाल तर शाबासकी वाटेल. खरा अर्थ 'चांगलाच घोळ घातलास'. आपल्याकडेही नुसत्या सुरावर हे कळतं.

सबटायटलवाला

माझ्या कामात विशेषण कमी, वाक्याच्या तोंडी येणारा 'ब्वेनो' जास्त. तिथे 'चांगलं' लिहिलं की संवाद मेलाच. संमती असेल तर 'बरं' किंवा 'ठीक आहे'. विषय बदलत असेल तर 'बरं, ते जाऊ दे'. लांबवलेला 'ब्वेएएनो' म्हणजे मन नाही पण हो म्हणतोय. दोनदा आला, 'ब्वेनो, ब्वेनो', तर 'असू दे, असू दे' किंवा 'पुरे, पुरे'. बोलणारा स्वतःलाच दुरुस्त करत असेल तर 'म्हणजे': 'बिबे एन मद्रिद, ब्वेनो, एन खेताफे' म्हणजे 'माद्रिदला राहतो, म्हणजे खेताफेला'. खेताफे हे माद्रिदला लागून असलेलं शहर. मेक्सिकोत फोन उचलल्यावरचं प्रश्नार्थक 'ब्वेनो?' हे सरळ 'हॅलो'. स्पेनमध्ये तिथे 'दिगा' किंवा 'सी' येतं.

ऐकताना अर्थ लावायला सुरावर आणि पुढच्या विरामावर लक्ष ठेवा.

भटकंती

'दे ब्वेनास' देशानुसार पालटतं. स्पेन-मेक्सिकोत 'एस्तार दे ब्वेनास' म्हणजे स्वारी खुशीत आहे, कोलंबियात म्हणजे नशीब जोरावर आहे. आनंदाची बातमी ऐकल्यावर लॅटिन अमेरिकेत 'के ब्वेनो!', स्पेनमध्ये जास्त करून 'के ब्येन!'. नुसतं 'ब्वेनास' हे दिवसभर चालणारं घरगुती अभिवादन. 'ब्वेनोस दियास' स्पेनमध्ये दुपारचं जेवण होईपर्यंत, म्हणजे दोन-अडीचपर्यंतही म्हणतात.

कागदपत्रं

कायदेशीर भाषांतर करणाऱ्यांसाठी एवढंच: 'विस्तो ब्वेनो'चं 'चांगले पाहिले' करू नका. ती मंजुरीची सही. कागदावर व्ही आणि बी ही दोनच अक्षरं, शेजारी वर छोटा ओ, अशी येते. स्पेनमध्ये फ्लॅट विकताना सोसायटीची थकबाकी आहे की नाही याचा दाखला लागतो. तो सचिव सात दिवसांत देतो आणि त्यावर अध्यक्षाचा 'विस्तो ब्वेनो' असावा लागतो. मराठीत 'मंजूर' किंवा 'मान्य' लिहा आणि खाली अध्यक्षाचं पद. 'दे ब्वेना फे' आलं तर 'सद्भावनेने'.

शिकवणीवाली

@जागेचा प्रश्न, तुलनेचं राहिलं. दर्जासाठी 'मेखोर'च (अधिक चांगला), 'मास ब्वेनो' नाही ('मास' म्हणजे अधिक). स्वभावाच्या भलेपणाची तुलना करताना मात्र 'मास ब्वेनो' चालतं, वर पावाच्या म्हणीत आलंच आहे.